तळ्याचा भात

बाजारात पादरीबाबा मोशेची गोष्ट सांगून राहिला होता. मोशेनं आपल्या लोकांले गुलामीतून काढून रानात आणलं. पण तहान लागली की लोक त्याच्यावरच उठायचे. एकदा रागाच्या भरात त्यानं देवाचा शब्द सोडून खडकावर काठी हाणली. पाणी निघालं, पण देव म्हणाला, कबूल केलेल्या मुलखात तुले पाय ठेवू देणार नाही.

"अन् कुरकुर करणाऱ्यायचे लेकरं?" म्या विचारलं.

"ते गेले त्या मुलखात, बाई."

"वा रे न्याय! आता माझ्या सासऱ्याचं, उदाराम मामाजीचं ऐक."

आमी कोहळी, तळं बांधणं आमच्या हाडातच. उदाराम मामाजीनं कामठ्याकडून आपली माणसं चिचगडच्या रानात आणली. तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालताना मोहफुलं उकडून खाल्ली सगळ्यायनं. तवा त्यायच्यातलाच सेवकराम रोज खेकसे, "तिथं पेज तरी भेटे! कायले आणलं आमाले? मराले?" मामाजी माती टाकत राहत.

तळं भरलं. मामाजी पाणकर झाले, गावाले पाणी वाटून देणारे. नेम ठरला, पंचायच्या समोरच तुडूम उघडायचं, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. पहिलं पाणी दूरच्या बांधीले, म्हणजे धानाच्या वावराले, पाळीजवळच्याले मागून. मामाजीची बांधी पाळीलेच लागून, म्हणजे सगळ्यायच्या मागं!

पहिल्याच साली पुढचा पाऊस दडून बसला. पंच यायच्या आधीच सेवकराम माणसं घेऊन पाळीवर चढला. "पाणी दाबून राहिला तू, चोरा!"

चोर! मामाजीचा तोल गेला. "घ्या, मेल्यायनो, प्या!" म्हणत त्यायनं कुदळीनं तुडूम फोडलं.

पाणी खाली धावलं अन् बाकी सगळ्यायचं धान वाचलं. मंग तेच पाणी पिऊन तेच लोक पंचायतीत बसले! म्हणे पाणकरानं नेम मोडला, याच्या बांधीले या तळ्याचं पाणी कायमचं बंद. सेवकरामले कोणी काही म्हणलं? छट्!

मामाजी म्हणाले, "चूक माझीच हाय. तुडूम गावाचं होतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते मरेपर्यंत दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकत राहिले, अन् घरी येऊन भाताच्या जागी कोदोचं भरड धान्य खात राहिले.

त्यायच्या दहाव्याले सेवकराम तळ्याच्या तांदळाची टोपली घेऊन आला. "पिंडाले," म्हणे.

म्या उंबऱ्यावरच अडवला. "जित्या माणसाले दाणा नाही देल्ला, आता कावळ्याले चारता? लाज नाही वाटत?"

सासूबाई उठल्या. त्यायनं टोपली घेतली.

"खाऊ दे वं त्यायले, रुख्मा. आपल्या तळ्याचा भात त्यायनं कधी चाखलाच नाही."