आगीसमोर गारठलेला माणूस

भट्टीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गल्लीत कुणालाही विचारा, खरं नाव सांगणारा माणूस मिळायचा नाही. बेकरीच्या मागच्या खोलीत विटांची मोठी भट्टी, आणि तिच्यासमोर लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन उभा असलेला हा उंच, हडकुळा गडी. मिसरूड फुटलं तेव्हापासून तिथेच उभा. भट्टी एकदा गार झाली की पुन्हा नीट तापायला फार वेळ घेते, म्हणून ती विझू द्यायची नाही, हा त्याच्या बापाचा दंडक. बाप गेला त्या दिवशी हा पठ्ठ्या त्याला पोचवून बेकरीत आला, आधी भट्टीत दोन लाकडं सारली आणि मग रडायला बसला. आता बोला!

पुढे दुकानात त्याची थोरली बहीण, ताई. ती अख्ख्या गल्लीचीच ताई. नवरा गेल्यापासून बेकरीच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. स्वभावाने फटकळ, नाकावर माशी बसू द्यायची नाही. पाव मऊ नाही अशी कुणी तक्रार केली, तर त्याच्या दातांची चौकशी करून त्याला परत पाठवायची. भावावर मात्र तिचा जीव. आता जीव आहे म्हणजे त्याच्याशी गोड बोलायची असं समजू नका. सकाळपासून "ए शहाण्या" शिवाय दुसरी हाक नसायची.

भट्टीवर काम करणाऱ्याच्या हातांवर चटक्यांचे पट्टे असायचेच. त्यांचं कुणी कौतुक करत नाही आणि औषधही करत नाही. चटका बसला की परातीतलं ओलं पीठ उचलायचं, त्यावर थापायचं आणि वरून फडकं गुंडाळायचं. पीठ गार असतं, ठणका थांबतो. बापाने तेच केलं, पीठ मळणाऱ्या काकांनी तेच केलं, आणि सगळे धडधाकट राहिले. तेव्हा ट्रे ओढताना भट्टीच्या लोखंडी दाराची कड भट्टीरावाच्या हाताला, कोपराच्या खाली, आतल्या बाजूने चांगलीच लागली, कातडी सोलून निघाली, तरी त्याने "हात्तिच्या!" म्हणून पीठच थापलं. ते वाळून टणक झालं. वरून कसं छान, कोरडं दिसत होतं. आत काय चाललंय ते बघायला कुणाला फुरसत होती?

दोन-तीन दिवस तो जरा गप्प होता. जेवण जाईना. बायकोने विचारलं तर म्हणाला, "झोप झाली नाही." बगलेत गाठ आली होती, ती त्याने सांगितलीच नाही. पुरुष माणसं असल्या बाबतीत भलतीच शूर असतात.

त्या दिवशी दुपारी ताई रिकामे ट्रे घेऊन मागे आली, तर हा भट्टीच्या तोंडाशी उभा राहून थरथरत होता. साधं शिरशिरणं नव्हे, दातावर दात आपटत होते. काका परातीतून मान वर करून हसले, "घ्या! भट्टीरावांना हुडहुडी! आता आम्ही कुठे जाऊन शेकायचं?"

ताईही हसली. हसता हसता तिने त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. इथेच तर घोळ झाला! ज्या खोलीत उन्हाळा-हिवाळा सारखाच, जिथे माणसाचं कपाळ एरवीही पोळत असतं, तिथे उघड्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाचं कपाळ गार का, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण ताप नाही म्हणजे आजार नाही, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. ती म्हणाली, "घरी जा आणि पड जरा."

"पीठ फुगून आलंय, ताई. एवढा घाणा काढतो आणि जातो."

"काका काढतील."

"काकांना भट्टी कळत नाही." हे मात्र तो जुन्याच तोऱ्यात बोलला, म्हणून ताई पुढे निघून गेली.

थोड्या वेळाने जळका वास आला. भट्टीरावाच्या हातून पाव जळणं ही गोष्ट गल्लीत आजवर कुणी ऐकलेली नव्हती. ताई धावत आत गेली. तो फावडं धरून उभाच होता, समोर पाव काळे पडत होते आणि तो नुसता बघत होता. धाप लागल्यासारखा भराभर श्वास घेत होता, जागच्या जागी उभा असूनही.

"अरे, लक्ष कुठंय तुझं?"

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "बाबांनी चहा घेतला का?"

बाबांना जाऊन कैक वर्षं झाली होती. काकांच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

ताई पुढे झाली. तिने त्याचा हात धरला आणि चटकन सोडला. आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा हात विहिरीतून काढल्यासारखा गार होता. नखं निळसर. अर्ध्या चड्डीखाली उघड्या गुडघ्यांवर जांभळट डाग उठले होते, चादरीवर शाई सांडावी तसे. "सकाळपासून लघवीला गेलास का?" तिने विचारलं. असले प्रश्न विचारायला ती कधी लाजत नसे. तो जरा विचारात पडला. "कुठे जायचं?" म्हणाला.

"चल. दवाखान्यात चल. आत्ता."

"नाही. भट्टी." एवढा एकच शब्द. ती ओढू लागली तर त्याने भिंतीतला लोखंडी आकडा घट्ट धरला. काकांनी समजावलं, बायकोला निरोप गेला, ती धावत आली, रडली, पाया पडली. हा आपला तेच ते म्हणतोय. भट्टी. भट्टी जळतेय. भट्टी सोडून जायचं नाही. श्वास मात्र आणखी जोरात चाललेला.

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. राग की भीती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली.

"ताई, विटा तडकतील!" काका ओरडले.

"तडकू देत!"

तिने बादली भट्टीत उपडी केली. आणि मग दुसरी. वाफेचा असा लोट उठला की भिंत दिसेना. आत कुठेतरी विटांमधून खाडकन आवाज आला. बापाच्या काळापासूनची आग फुसफुसत विझली. ताई डोळे मिटून उभी राहिली. आता हा अंगावर धावून येणार, आपल्याला वाट्टेल ते बोलणार. बोलू दे, हात उगारला तरी चालेल. मग निदान आगीचं कारण तरी उरणार नाही.

वाफ विरली. भट्टीराव जिथे होता तिथेच उभा होता. विझलेल्या भट्टीकडे पाहून तो हलकंसं हसला आणि म्हणाला, "बरं झालं."

 तो चिडला असता तर ताईला धीर आला असता. समोर उभा होता तो तिचा भाऊ नव्हताच. भाऊ आत कुठेतरी बुडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

पुढचं सगळं घाईचं. पाव पोचवणारा टेम्पोवाला दारात होता. त्याने ट्रे भराभर रस्त्यावर काढून ठेवले. मागे मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर भट्टीरावाला आडवं केलं, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला ताई. टेम्पोवाला एरवी गाणी लावल्याशिवाय गाडी चालवायचा नाही. आज त्याने नुसता हॉर्न दाबून धरला होता.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने वर न बघता विचारलं, "ताप किती आहे?"

"ताप नाही."

"मग बसा बाकावर. नंबर येईल."

झालं! ताईने एकदा बाकाकडे पाहिलं. तिथे खोकणारी, कण्हणारी माणसं ओळीने बसली होती, आणि तीही बिचारी आजारीच होती. क्षणभर तिला वाटलं, आपणच उगाच घाबरलोय का? पण मग भावाची मान तिच्या खांद्यावर कलंडली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "भट्टीसमोर उभा राहून गारठलाय हा! आपल्या मेलेल्या बापाला चहा विचारतोय! सकाळपासून लघवी नाही! बाकावर बसवून मारायचाय का याला?" तिचा आवाज थेट आतपर्यंत गेला. आतून एक डॉक्टरीणबाई बाहेर आली, पोरगेलीशीच. तिने भट्टीरावाची बोटं दाबून पाहिली, गुडघ्यांचे डाग पाहिले, श्वासाकडे पाहिलं. दुसरं काही विचारलंच नाही. "स्ट्रेचर!" म्हणून ओरडली.

आत गेल्यावर तिने हाताचं फडकं सोडलं. पिठाची खपली ओली करून हळूच उचलली. खालून जो वास आला, त्याने बायको तोंड दाबून बाहेर पळाली. ताई उभी राहिली. जखम पिकून काळी-पिवळी झाली होती आणि तिथून एक लाल रेघ दंडापर्यंत चढत गेली होती.

"हे काय लावलंय?"

"पीठ," ताई म्हणाली. "आमच्यात सगळे तेच लावतात." बोलताना पहिल्यांदाच ते तिला विचित्र वाटलं.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. हात चालू ठेवूनच तिने सांगितलं. याला सेप्सिस म्हणतात. जखमेतले जंतू रक्तात गेलेत, आणि त्यांच्याशी लढताना शरीर बिथरलंय, स्वतःच्याच अवयवांवर उठलंय. रक्तदाब पार खाली आलाय. मूत्रपिंडं थांबायला लागलीत. डोक्याला पुरेसं रक्त पोचत नाही म्हणून हे असं बरळणं. आणि ताप असतोच असं नाही. कधीकधी अंग उलट गार पडतं, ते जास्त वाईट.

"वाचेल ना?" ताईने विचारलं.

"औषधं सुरू केलीत. उशीर झालाय, पण फार नाही. आणखी तासाभराने आणलं असतंत, तर मी काहीच सांगू शकले नसते."

मग सुरू झालं ते थांबणं. काचेच्या दाराबाहेर दोघी बसलेल्या. आत नळ्या, सुया, सारखं पिक् पिक् करणारं यंत्र. दुसऱ्या दिवशी त्याच्या घशात श्वासाची नळी घातली, तेव्हा भावजय ताईच्या गळ्यात पडून हमसून रडली. त्याआधी दोघींमध्ये तसं फार सख्य नव्हतं. जरा धुसफुसच होती. ताईने तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, "रडू नको गं. मला पण रडू येतं मग." आणि दोघी रडल्या. मध्ये एकदा डॉक्टरीणबाई येऊन म्हणाली, हात कापावा लागेल असं दिसतंय. नंतर म्हणाली, थांबू या. कुजलेलं मांस काढलं, हात राहिला. एके सकाळी नर्स म्हणाली, "लघवी झाली चांगली," तर ताईने तिचे हात धरून नाचायचंच बाकी ठेवलं. माणसाला कशाचा आनंद होईल सांगता येत नाही.

भट्टीराव घरी आला. तडकलेल्या विटा काकांनी बदलून घेतल्या होत्या, पण त्याला फावडं उचलेना. जिना चढला की पाय लटपटायचे. केस गळाले, शब्द आठवेनात. गल्ली म्हणायची, चला, बरा झाला एकदाचा! तो मान हलवायचा. गार वाऱ्याने अंगावर काटा आला तरी घाबराघुबरा होऊन बायकोला हाक मारायचा, आणि ती सगळी कामं टाकून त्याची बोटं दाबून बघायची.

एका संध्याकाळी ताई त्याच्या उशाशी मोसंबं सोलत बसली होती. त्याला तो दिवस आठवत नव्हता. पावांचं, बाबांचं, विझवलेल्या भट्टीचं, सगळं त्याने तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. त्या दिवशीही ऐकलं. मग म्हणाला, "ताई, मी मरतोय हे मला कळत होतं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तुला काहीच कळत नव्हतं. तू हसत होतास."

"मग पुन्हा झालं, तर मला कसं कळणार?"

"तुला नाही कळायचं, शहाण्या. तुझ्या बायकोला कळेल. मला कळेल. आता आम्हाला पाठ झालंय सगळं."

 त्याने तिच्याकडे मान वळवली. "आणि तुला झालं तर?"

   ताईला बेकरीच्या वरची आपली ती एक खोली आठवली, आतून कडी, सकाळी दुकान उघडेपर्यंत कुणी तोंड बघत नाही. आजारी पडली तरी कुणाला न सांगता अंथरुणात पडून राहायची तिची सवय, आणि त्याचा तिला कोण अभिमान! आपणही तिथे एकटीच हसत पडलेली असू, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती घाबरली. चांगलीच घाबरली.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. 

मोसंब्याच्या फोडी त्याच्या हातात देऊन ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भावजय भांडी विसळत होती. ताई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, जरा घुटमळली, आणि म्हणाली, "अगं, उद्यापासून रात्री इकडेच झोपायला येऊ का मी?"