उत्तरेकडे डोकं

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एका सभासदाचं व्याख्यान ठेवतात, कारण सभासद फुकट मिळतो. यंदा मी सापडलो. ध्रुवांवरून जाणारे उपग्रह जे विद्युतभारित कण मोजतात, त्या मोजमापांचा अर्थ लावण्यात माझी सगळी नोकरी गेली.

शक्य तितकं सोपं करून सांगितलं. सूर्याकडून आलेले काही कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा धरून ध्रुवांपाशी खाली उतरतात आणि आपल्याच हवेतले काही तिथूनच वर निसटून जातात. पहिल्या रांगेतले निवृत्त बँक मॅनेजर डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे झोपले होते. जाग आल्यावर त्यांनीच माइक मागितला.

"म्हणजे उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, हे आपल्या पूर्वजांना उपग्रह न सोडताच कळलं होतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अख्ख्या व्याख्यानात एक टाळी पडली नव्हती.

"अहो, ते कण तुमच्या पलंगापर्यंत पोचत नाहीत," मी म्हणालो. चिटणीसबाईंनी घाईघाईनं आभार मानले आणि आरती सुरू केली. विज्ञानाचं काम झालं होतं.

घरी आलो तर बायको पलंग ओढत होती. आमची डोकी म्हणे उत्तरेला येत होती.

"तूसुद्धा?"

"असू द्या हो. फिरवला तर बिघडलं कुठे? धरा तिकडून."

या बाईनं आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आहे.