मेणबत्तीएवढं शुद्ध

मी धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं अल्कीन हे प्रकरण शिकवूनही मला स्वतःला त्याचा उपयोग एकदाच झाला. तोही भाचीच्या साखरपुड्यात, बट्टीवर तूप पडायच्या आधी.

अल्कीनमध्ये दोन कार्बन एकमेकांना दोन्ही हातांनी धरून असतात. त्याला दुहेरी बंध म्हणायचं. दोन्ही हात गुंतल्यामुळे त्यांना गिरकी घेता येत नाही. पण ब्रोमीन किंवा आयोडीन जवळ आलं की ते एकेक हात सोडतात, आलेल्या पाहुण्याला धरतात आणि पाहुण्याचा रंग उडतो. हे मी दरवर्षी घसा फोडून सांगतो. पोरं जांभया देत ऐकतात, पेपरात ‘उपयोग’ या मथळ्याखाली ‘केळी पिकवणे, पॉलिथिन बनवणे’ एवढं लिहून मोकळी होतात.

भाची म्हणजे असोद्याच्या माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीला आयुष्यात कशाचाच गर्व नाही, फक्त तुपाचा आहे. साखरपुडा ठरल्यापासून ती घरच्या म्हशीच्या दुधाची साय साठवत होती, लोणी काढत होती, कढवत होती. घरात कुणालाही त्यातलं चमचाभर मिळत नव्हतं. भाऊजी स्वतःच्याच घरात कोरडी भाकरी खात होते आणि त्याबद्दल बोलायची त्यांची टाप नव्हती. जेवायला वरण-बट्टी आणि भरीत होतं. अंगठ्यांचा मुहूर्त दुपारचा, म्हणून जेवणं आधी उरकायची ठरली. तिथेच घोळ झाला.

मुलाकडचे अमळनेरचे. त्यांच्यात कर्ता माणूस म्हणजे मुलाचे थोरले काका. सगळे त्यांना आबा म्हणत. हयात तेलाच्या धंद्यात गेलेली, आता रिकामपण, आणि हातात मोबाइल. भेसळ कशी ओळखावी याचे जगातले सगळे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली. ती लग्नकार्यातही सोबत असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पंगत बसली. बहीण गरम तुपाचं भांडं घेऊन पहिल्यांदा आबांकडेच गेली. आबांनी बट्टीवर पंजा ठेवला.

“थांबा अक्का. आधी वाटीमा द्या.”

वाटीत त्यांनी दोन थेंब टाकले आणि पंगतीला समजावलं, “निळं व्हयनं का समजी ल्या, बटाटा घालेल शे.” तूप निळं झालं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आबा वाटी हलवत राहिले आणि हळूहळू तो तांबूस रंगच विरून गेला.

“रंग कथा गया?” वाटीत रंग शोधत आबांनी विचारलं. “यामा काहीतरी शे.”

बहिणीच्या हातातली पळी तिथेच थांबली. “आबा, माह्या म्हशीचं हाये ते. माह्या हातचं,” एवढंच ती म्हणाली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबांनी नकाराची मान हलवली असती तर सोयरीक त्या वाटीतच बुडाली असती.

मी उठलो. शिकवायची सवय वाईट. तुपात मुळातच थोडे दुहेरी बंध असतात, आयोडीन त्यांना जाऊन चिकटतं, यात भेसळ नाही, असं सांगितलं. कुणाच्या डोक्यात काही शिरेना. मग मी मुलाच्या वडिलांचे दोन्ही हात धरले आणि भाऊजींना आयोडीन व्हायला सांगितलं. भाऊजी बाह्या सरसावून आले. त्यांचा अवतार पाहून मुलाकडच्या दोघांना वाटलं हातघाईच सुरू झाली, आणि ते आम्हाला सोडवायला धावले.

“तुम्ही बहीणनीच बाजू लेशात,” आबा मला म्हणाले.

भाऊजींचा पारा चढला. आबांनीच भेट म्हणून आणलेला घाणीच्या तिळाच्या तेलाचा डबा त्यांनी फोडला, तेल वाटीत घेऊन गरम केलं आणि आबांसमोर ठेवलं. “आता यात टाका.” आबांनी टाकलं. त्यातला रंग तर तुपापेक्षाही लवकर उडाला.

आता दोन्ही बाजू भेसळखोर ठरल्या. मुलाची आई ताटावरून उठायच्या बेताला आली. मग कुणीतरी समईतलं तेल आणलं, तेही नापास. खोबरेल बराच वेळ तग धरून होतं, बायकांना त्याच्याकडून आशा होती, पण अखेर त्यानेही मान टाकली. बट्ट्या गार होत चालल्या होत्या. बहीण भिंतीला टेकून उभी होती, भांडं छातीशी धरून. तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आतून भाची आली. आज मान खाली घालून बसायचं, असं तिला चार बायकांनी बजावलं होतं. तिच्या हातात वाटी होती, वाटीत काहीतरी पातळ, पारदर्शक.

“आबा, हे पण बघा ना.”

आबांनी थेंब टाकले. वाटी हलवली. थांबले. पुन्हा हलवली. रंग जागचा हलेना. आबांचा चेहरा उजळला.

“हाई शुद्ध शे! एकदम शुद्ध! काय शे हाई?”

“मेणबत्ती,” भाची म्हणाली. “लाइट जाते ना, म्हणून घरात असतात. वाढू का?” आणि तिने वाटी आबांच्या बट्टीवर नेऊन धरली.

मेणात दुहेरी बंध नसतात, हे सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं.

आबांनी वाटीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी बट्टी पुढे केली.

“ऱ्हाऊ दे बेटा. माले शुद्ध नको. माले तूप वाढ.”

बहिणीने वाढलं. आबा बस म्हणाले, तिने ऐकलं नाही. हात आडवा घातला, तर हातावर वाढलं. बट्टी बुडाली, वरण बुडालं, भरीत बुडालं. वाढताना ती रडत होती आणि ते लपवायचंही तिच्या लक्षात नव्हतं. मग मुलाचे वडील, मुलाची आई, मुलाकडचा शेवटचा माणूस, सगळ्यांना तिने तसंच वाढलं. मुहूर्तावर अंगठ्या घातल्या गेल्या तेव्हा नवऱ्या मुलाच्या बोटाला अजून तूप होतं, त्यामुळे अंगठी विनासायास बसली.

आम्ही घरचे शेवटच्या पंगतीला बसलो. बहीण माझ्यापाशी आली तेव्हा भांडं रिकामं होतं. तिने पळी माझ्या गार बट्टीवर नुसती झटकली.

“मला नाही का?” मी म्हणालो. “तुझ्यासाठी एवढं भांडलो.”

“तुले त माहीतच हाये त्यात काय असते ते,” ती म्हणाली. “खाऊन काय करशीन?”