बटनताई

फोनवर ‘हॅलो’ म्हणायची तिची पद्धतच नव्हती. “काहून रे, बटन सापडलं?” हीच सुरुवात. माझी ही आतेबहीण भरवेलीच्या खाण-कॉलनीत राहायची. नाव मालती, पण घरात सगळ्यांची ती बटनताई झाली, ती माझ्याच अगाध विद्वत्तेमुळे.

ताईला जन्मापासून सिकलसेल, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो रोग. थंडी पडली की सांधे असे दुखायचे की ती भिंत धरून चालायची. मी नागपूरला कॉम्प्युटरवर डीएनए वाचायच्या कामाला लागलो आणि अक्कल पाजळायला आधी तिच्याकडेच गेलो. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं, त्याला हा रोग बाधत नाही. जन्मानंतर ते बनणं बंद पडतं, आणि ते बंद-चालू करणारी बटनं डीएनएच्या ज्या भागात असतात, त्याला लोक बरीच वर्षं कचराच समजत होते. एक बटन परदेशात सापडलंय, पण तो इलाज आपल्या आवाक्याबाहेरचा, म्हणून मी दुसरी शोधतोय, असं सगळं मी ऐटीत सांगितलं.

“म्हंजे माह्या दुखण्याचं बटन कचऱ्यात पडलं, न् तू खुर्चीवर बसून हुडकून राह्यला? झाडू घे ना बाबू!” मग माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाली, “पयले पाठ सरळ कर. विळ्यासारखं रक्त माहं हाये, तू काहून वाकला?”

एका दिवाळीत माझ्या प्रोग्रामने कमाल केली. जास्त त्रास असलेले आणि कमी त्रास असलेले रोगी त्याने डीएनएच्या एकाच जागेवरून अचूक वेगळे काढले. मी पेढे घेऊन भरवेली गाठली. ताईने ते कॉलनीभर वाटले. रोग कॉलनीतल्या बऱ्याच घरांत होता, तिच्या मुलीलाही. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही, एवढंच विचारलं, “माह्या पोरीच्या कामी येईन ना रे?” मी छाती फुगवून म्हटलं, “हौ!”

पुढे कळलं, जास्त त्रासवाल्यांचे नमुने एका मशीनवर वाचले होते आणि कमी त्रासवाल्यांचे दुसऱ्या. त्या जागी दोन्ही मशीन वेगवेगळ्या चुका करत होत्या; माझ्या हुशार प्रोग्रामने रोगी ओळखलेच नव्हते, मशीन ओळखली होती. मी चेहरा पाडून सांगायला गेलो. ताई खो खो हसत सुटली.

“म्हंजे मशीनच्या नावानं पेढे वाटले आपण!” डोळे पुसून म्हणाली, “जाऊ दे. आता सगळ्याइचं रक्त येकाच मशीनवर वाच. पयले माहं घे.”

ज्या दारांत पेढे दिले होते, त्याच दारांत ती रक्ताचे नमुने मागायला पुन्हा गेली, या वेळी दुखरे गुडघे घेऊन. लोक हसले असतील, पण तिच्यामागून रक्त द्यायला आले. मला त्या दारांत उभं राहायची हिंमत झाली नसती.

निकाल यायच्या आत, पुढच्या हिवाळ्यात ताई गेली. मला अजून रडू येतं, आणि बटन अजून सापडलेलं नाही.

आमच्याकडे नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तिचा कोणता, हे मला माहीत नाही आणि नियमाने कळणारही नाही. म्हणून कुठलीही फाइल उघडताना मी आधी पाठ सरळ करतो. न जाणो, तीच असायची.