बापाले फोन लावा!

आता कोनत्या तोंडानं सांगू तुमाले! पन चहा पाजून राहिले तुमी, तं सांगतो. मधात कोनी हसलं तं उठून जाईन, पयलेच सांगून ठेवतो.

मी लग्नाचा फोटोवाला. शाळा सातवीतच सुटली. माझा आवाज ऐकला का नवरदेव बी सरळ उभा राह्यते. "ए मामा, हट मधातून! ए मावशी, पोट आत!" असा आपला धंदा. एका प्रोफेसर साहेबाच्या पोरीच्या लग्नाचे फोटो काढले, त्याईले आवडले. म्हनले, "विद्यापीठाचं कॅलेंडर करायचं आहे. नागपूरला या. पोरं कशी राहतात, कशी शिकतात, ते टिपा. नॅचरल पाहिजे."

माझी वैष्णवी तिथीच एमएस्सी करते, होस्टेलात राह्यते. तिनं कवाचं बजावलं होतं, "बाबा, फोन करा, पन विद्यापीठात येऊ नका. तुमी लय वरडता." म्या म्हनलं, मी बाप हाय का चोर? न सांगताच गेलो.

एप्रिलचं ऊन, तेही नागपूरचं! लायब्ररीसमोर लिंबाखाली चार पोट्ट्या उभ्या. चारीचे तोंड स्कार्फात बांधलेले, वरून काळे गॉगल. लग्नात लोक कॅमेऱ्यापुढं येऊन येऊन जीव खाते, अन् इथी हे! कॅलेंडरवर काय गाठोडे छापाचे?

"ए पोरीहो, स्कार्फ काढा वं!"

तिघीनं काढले. चौथी, निळ्या स्कार्फवाली, पाठ फिरवून चालाले लागली. मले असा झनकन राग आला!

"ए निळा स्कार्फ! ऐकू येत नाई का वं?"

तिनं नुसती मान हलवली.

"काहून? थोबाडाले सोनं लावलं का?"

तिची मैत्रीण मधात आली. "काका, तिले नाई काढाचा फोटो. राहू द्या ना!"

"तू चूप! मोठ्या मानसाले पाठ दाखवते? बापानं काई शिकवलं का नाई इले?"

जमले ना पोट्टे भोवताल! गेटवरचा गार्ड धावत आला. "काय जी, काहून वरडून राहिले?"

"इच्या बापाले फोन लावा! आत्ताच्या आत्ता! पाहूच दे मले, कोन बाप हाय असा!"

गार्ड पोरीले म्हने, "दे वं बाई नंबर. मीच सांगतो त्याईले, काय तमाशा चालू हाय थो." पोरगी जराशी थांबली. मंग तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. नवा नंबर. लग्नसराईचे दिवस, गिऱ्हाईक असंन, म्हनून तिकडं तोंड फिरवून उचलला.

"हॅलो, पोरीचे वडील का जी? विद्यापीठातून बोलून राहिलो. इथी एक फोटोवाला तुमच्या पोरीले लय वाकडंतिकडं बोलून राहिला."

माझं डोस्कं सनकलं! "माझ्या पोरीले? धरून ठेवा त्याले! मी इथीच हाय, आलोच! तंगडं तोडतो साल्याचं!"

"कुठी जाते थो? माझ्या समोरच उभा हाय."

हे वाक्य मले एका कानात फोनातून आलं, अन् दुसऱ्या कानात पाठीमागून.

वळलो. गार्ड कानाले फोन लावून माझ्याकडंच पाहून राहिला होता. सारे असे हसले का लिंबावरचे पाखरं उडाले!

निळा स्कार्फ तेवढा हसला नाई. तिनं गॉगल काढला. डोळे लाल. हळूहळू गाठ सोडली.

"मी तं स्कार्फ काढूनच राहिली होती, बाबा. तुमचा आवाज ऐकला, अन् गाठ घट्ट केली." मंग म्हने, "काढा आता फोटो."

काय फोटो काढता बाप्पा! पळत्या वरातीत कवा हात हालला नाई माझा, अन् तिथी बोट उचललं नाई.

"चुकलं वं माय," म्या म्हनलं.

"काय?"

जिंदगीत पयल्यांदा माझा आवाज कोनाले ऐकू गेला नाई.

आता तिच्यासाठी डब्बा घेऊन जातो, तं गेटाबाहेरच उभा राह्यतो. ती येते, डब्बा घेते, कधी कधी बोलते बी. पन थो गार्ड! चारचौघात इचारते, "काय जी, त्या फोटोवाल्याचं तंगडं तोडाचं राहिलंच ना तुमचं?"