साय माझी, मंडळाची नाही

थानेदार काकू कॉफी फेटताना भांडायची. कोणाशी, हे काही ठरलेलं नसायचं. समोर मी असली तर माझ्याशी, मी नसली तर नळाशी, आणि नळ नीट चालून राहिला असेल तर रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसाशी. स्टीलच्या कपात कॉफी, साखर आणि चमचाभर कोमट पाणी घेऊन ती अशी काही खडखड सुरू करायची की वरच्या मजल्यावर आमची आई म्हणायची, "चलो, वहिनींचं सुरू झालं. कोण सापडलं आज?"

थानेदार हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं. काका फॅक्टरीतून रिटायर झालेले आणि इतके शांत की त्यांना शिंक आली तरी ते आधी इकडेतिकडे बघायचे. दोघांचं मिळून जेवढं बोलणं व्हायला पाहिजे तेवढं काकू एकटीच उरकायची. आम्ही पनागरहून जबलपूरच्या राइट टाउनला राहायला आलो तेव्हा मी नववीत होती. सामान वर चढवताना आमच्या कपाटाचा पाय जिन्याच्या कठड्याला लागला आणि खालून आवाज आला, "हळू! कठडा तुमच्या बारशाला आलेला नाही!" ही आमची पहिली ओळख.

मला नकला करायचा रोग लहानपणापासून. पनागरच्या शाळेत हेडमास्तरांपासून चपराशापर्यंत कोणाला सोडलं नव्हतं. इथे आल्यावर आठवड्याभरात मी काकू बसवली. एकदा जिन्यात पोरांना करून दाखवत होती, कमरेवर हात, एक भुवई वर, "कोणी ठेवली ही सायकल? सासर आहे का तुझं?" पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मागे काकू उभी. मला वाटलं, आता कान जातो.

"हात चुकला," काकू म्हणाली. "मी डावा ठेवते. उजव्यात कायम काहीतरी असते माझ्या. पुन्हा कर."

मी हात बदलून पुन्हा केलं.

"अच्छा. आवाज बरा आहे. चल खाली, घसा कोरडा पडला असेल. आणि मला तुम्ही-बिम्ही म्हणू नको, मी काय मंडळाची अध्यक्ष आहे?"

त्या दिवशी मी तिच्या हातची गार कॉफी पहिल्यांदा प्यायली, आणि त्या दिवसापासून माझं नाव नकलची पडलं.

आता ती कॉफी. आजकाल गल्लीगल्लीत कॅफे झाले आहेत, तिथे उंच ग्लासात फेस भरून देतात आणि आपण त्याचा फोटो काढतो. काकूला एकदा मी असा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे पिऊन राहिली की भांडी घासून राहिली?" मिक्सरचं तिच्यासमोर नाव काढायचं नाही. "मिक्सरमध्येच फिरवायची असेल तर कपडेही त्यातच धू." कॉफी हातानंच फेटायची, तिचा रंग बदामी होईपर्यंत. दूध आटवून गार करायचं आणि फ्रीजरमध्ये इतकं ठेवायचं की पातेल्याच्या कडेला बर्फाचे पापुद्रे धरतील. मग चारोळी. बदाम-पिस्त्यांना ती पाहुणे म्हणायची आणि चारोळीला घरची. इथे सगळे चिरौंजी म्हणतात तीच. तव्यावर खमंग भाजायची, अर्धी थोड्या दुधात बारीक वाटून कॉफीत घालायची, अर्धी वर टाकायला ठेवायची.

ती आणायला आम्ही कमानिया गेटजवळच्या दुकानात जायचो. दुकानदार काकूला लांबून बघूनच पंखा आपल्याकडे वळवून घ्यायचा. काकू एक दाणा दातांखाली धरायची. चारोळी जुनी झाली की खवट लागते. "भैया, ये चिरौंजी है कि पिछले साल का गुस्सा?" बिचारा आतून दुसरा डबा काढायचा. तो आधीच का नाही काढायचा, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला वाटतं त्यालाही ओरडा खायची सवय लागली होती.

पण खरी गंमत सायीत. तीन-चार दिवसांची साय साठवायची, वाडगं बर्फावर ठेवायचं आणि काट्यानं फेटायची. दोन हात जास्त पडले की लोणी, दोन कमी पडले की पाणी. आणि ती ग्लासात चमच्याच्या पाठीवरून सोडायची, पिणाऱ्याच्या समोर, अगदी त्याच मिनिटाला. आधी घालून ग्लास इकडून तिकडे नेला की हलून साय बुडते. साय बुडलेला ग्लास काकू कोणाला देत नसे. तो ती स्वतः प्यायची, रागारागानं.

लोक म्हणतात, अशी माणसं वरून कडक आणि आतून मऊ असतात. खोटं आहे. काकू आतूनही कडकच होती. माझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा ती रोज डबा घेऊन यायची आणि रोज भांडायची, नर्सशी, लिफ्टशी, बाबांशी. "काहून पडून राहिले असे? उठा, पोरीची परीक्षा आहे!" बाबा तिच्या भीतीनं बरे झाले असं अजून सांगतात. त्यात मऊ काही नव्हतं. तिला ज्याची पर्वा असायची त्याच्यावर ती चिडायची, बस. ज्याची पर्वा नसायची त्याच्याशी ती फार गोड बोलायची.

आपल्या इथल्या मराठी महिला मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे काकूचा दिवस. जबलपूरच्या उन्हात सगळीकडे कैरीची डाळ आणि पन्हं असतं. आमच्याकडे डाळ आणि काकूची कॉफी. पुण्याकडून लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं नाक मुरडलं होतं, "चैत्रगौरीला कॉफी?" काकू म्हणाली, "गौर माहेरी आली आहे ना? मग तिला माहेरचं चांगलंचुंगलं मिळू दे. सासरी पन्हंच पिते ती." टेबलामागे काकू वाडगं घेऊन उभी राहायची आणि बाया ग्लास धरून रांगेत. "हलवू नको! श्वास धर! तू मागच्या वर्षी बुडवली होतीस, तू शेवटी ये." मोठमोठ्या घरच्या बाया गपगुमान ऐकायच्या. मला वाटतं, वर्षातून एकदा कोणीतरी खरं रागवावं म्हणूनच त्या यायच्या.

मागच्या वर्षी थंडीत काका गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता, त्यांच्या पद्धतीनं. काकू त्यांच्यावरही चिडली. "सांगून नाही गेला माणूस," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आणि मग चैत्र आला. त्या वर्षी मंडळाची सेक्रेटरी आमची आई. मीटिंग आमच्या घरी. मी चहा देत होती, म्हणून सगळं ऐकलं. काकूचं नाव निघालं तेव्हा अध्यक्षबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "त्यांना आता कशाला दगदग? सवाष्णींमध्ये त्यांनाच अवघडल्यासारखं होईल ना. कॉफी मात्र त्यांचीच हवी हं! घरूनच करून पाठवतील. तेवढाच त्यांना विरंगुळा."

विरंगुळा! मी आईकडे बघितलं. आई चहात बिस्किट बुडवून राहिली होती.

निरोप घेऊन आई खाली गेली तेव्हा मी मुद्दाम मागे गेली. काकू ओट्याशी होती. आईनं बरंच फिरवून फिरवून सांगितलं. उन्हाचं, तब्येतीचं, दगदगीचं.

"आणि साय कोण घालणार?" काकूनं विचारलं.

"तुम्ही डब्यात द्या वहिनी. आम्ही घालू."

काकूनं कप खाली ठेवला. खडखड थांबली.

"वर्षा, सरळ बोल. माझ्या हातची चालते, मी चालत नाही. एवढंच ना? काहून एवढी फिरून राहिली?"

"माझ्या हातात नाही हो. मंडळाचं ठरलं."

"मंडळ म्हणजे कोण? त्या खोलीत खुर्च्या बसल्या होत्या का? तूच होतीस ना?"

मला वाटलं, आता काकू फोडणार, कप, भांडी, आमची वीस पावलांवरची शेजारणीची मैत्री, सगळं. पण ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं. पाठवते कॉफी."

तिचा तो गोड आवाज कोणासाठी असायचा ते मला माहीत होतं. आईला मात्र सुटल्यासारखं वाटलं. जिना चढताना मी म्हटलं, "तू खुर्चीच आहेस." आईनं मला थोबाडीत मारली नाही. मारली असती तर बरं वाटलं असतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी काकूनं दुधाचा मोठा डबा भरून माझ्या हवाली केला. स्वतः निळी रेशमी साडी नेसलेली, कपाळावर नेहमीची टिकली. वाडगं बर्फावर तयार. ऑटोवाल्याला म्हणाली, "भैया, आराम से. अंदर कॉफी है, बारात नहीं." मग मला म्हणाली, "साय मी देत नाही. तिकडे जाऊन सांग. माझ्या आवाजात सांग, तुझ्यात नको. तुझ्यात सांगशील तर रडशील."

हॉलमध्ये साड्या, गजरे, अत्तर, आणि गौरीपुढे कलिंगडाची कापलेली फुलं. मी डबा टेबलावर ठेवला, डावा हात कमरेवर ठेवला, भुवई वर नेली आणि म्हटलं, "कॉफी मंडळाची. साय माझी. ज्यांना साय पाहिजे त्यांनी ग्लास घेऊन माझ्या घरी या. दार उघडं आहे."

आधी सगळ्या हसल्या. अध्यक्षबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगं, किती हुबेहूब करतेस!" मी म्हटलं, "मी नकला करून नाही राहिली. निरोप आहे." मग कोणीतरी ओटीचं ताट सरकवलं. कोणीतरी उन्हाचं काढलं. काकूचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. एवढ्या बायांतून एकही उठली नाही. अध्यक्षबाईंनी स्वतः एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "तशीही छानच लागते हं. डाएटवाल्यांना तर बरंच." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्यायल्या. आईनं सगळ्यांना ग्लास भरून दिले.

मी त्या उन्हात चालत परत आली. रागानं मला रस्ता दिसत नव्हता. काकूच्या बैठकीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, चमचे पुसून ठेवलेले, दार सताड उघडं.

"कोणी नाही?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"आणि कॉफी?"

"प्यायल्या."

"बिना सायीची?"

"हो. छान आहे म्हणाल्या."

"छान आहे म्हणाल्या!" काकू उभीच राहिली. इतक्या वर्षांत मी तिला एवढी चिडलेली पाहिली नव्हती. "इतकी वर्षं मी काय गाढवांना पाजून राहिली होती? म्हणजे साय असो नसो, ह्यांना कळतच नव्हतं?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही तिला दिसू नये म्हणून मी खुर्च्या उचलायला लागली. "ठेव त्या," ती ओरडली. "उन्हं उतरेपर्यंत दार उघडं म्हटलं आहे ना मी."

उन्हं उतरता उतरता आई आली. एकटी. चालत. हातात ग्लास, पदरानं झाकलेला, न प्यायलेला. दारातच उभी राहिली.

काकूनं पदर सारून ग्लासात बघितलं. "गरम झाली. फेक." आई हलली नाही. "फेक म्हटलं ना. आणि हात धू. कप तिकडे आहे. फेट."

आई ओट्याशी उभी राहून फेटायला लागली. बराच वेळ. मध्येच थांबून तिनं पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली. काकूनं तिचा हात बाजूला केला.

"ते राहू दे. मी काय कुंकवासाठी थांबली होती? मला बोलवायचं होतं, वर्षा. तोंडानं. 'या' म्हणायचं होतं. एवढंच काम होतं तुझं."

"चुकलं वहिनी."

"चुकलंच. फेट."

त्या संध्याकाळी तिघींनी कॉफी प्यायली. काकूनं साय सोडली, आईनं श्वास धरला. माफ केलं असं काकू कधी म्हणाली नाही. आईनं दुसऱ्या दिवशी मंडळाला सेक्रेटरीपद सोडल्याचं कळवलं, तेही काकूला फारसं पटलं नाही. "आत राहून भांडायचं होतं," म्हणाली.

दिवाळीनंतर काकूची मुलगी येऊन तिला रायपूरला घेऊन गेली. एकटं किती दिवस राहणार. स्टेशनवर काकू हमालाशी, मुलीशी आणि डब्याच्या खिडकीशी भांडली. मला म्हणाली, "नकलची, रडायला आलं तर फोन नको करू. राग आला तर कर." मी आठवड्यातून दोनदा करते. राग यायला इथे काय कमी आहे? मंडळाचं हळदीकुंकू यंदाही तसंच झालं. तीच रांग, त्याच साड्या, आणि कॉफी म्हणे कुठल्याशा कॅफेतून मागवली. तीही छानच लागली असणार.

यंदा आईनं चैत्रात घरी बोलावलं. सगळ्यांना, कुंकवाचा प्रश्न न विचारता. पाच-सहाच जणी आल्या. पहिल्या दोन ग्लासांत साय बुडाली. तिसऱ्याला आई श्वास धरून चमचा वाकवून राहिली होती, आणि दारात समोरच्या बिल्डिंगमधल्या गणिताच्या रिटायर्ड बाई दिसल्या. त्यांचे मिस्टर जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी त्यांना कोणाच्या समारंभात आत बसलेलं कधी पाहिलं नाही. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी इथेच उभी राहते हं. ग्लास इकडेच दे."

"काहून?" आई ओरडली. आमच्या घरात असा आवाज कधी कोणी काढला नव्हता. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. "बोलावलं आहे ना तुम्हाला? इकडे साय बुडून राहिली आणि तुम्ही दारात काय उभ्या? आत या आधी!"

बाई इतक्या दचकल्या की चपला घालूनच आत आल्या आणि सगळ्यांच्या मधल्या खुर्चीत बसल्या.