सोळा इंची चाक

वासिल गावात डांबरी रस्ता संपतो तिथे मुसब्बहचं टायरचं दुकान आहे. पुढे वाळू, आणि वाळूच्या पुढेही वाळूच. आत जाणारा तिथे थांबून चाकांतली हवा कमी करतो, बाहेर आलेला तिथेच थांबून पुन्हा भरतो. हवा काय, कुणीही भरून देईल. मुसब्बहकडे लोक यायचे ते सल्ल्याला. जवळच्या बिदियातूनच नव्हे, पार समुद्रकाठच्या सूरहूनही यायचे. नवी गाडी घेतली, आता चाक कुठल्या मापाचं बसवू, एवढंच विचारायला.

मुसब्बह आधी गाडीकडे बघायचाच नाही. माणसाला विचारायचा, "जातोस कुठे? बरोबर कोण असतं? मागे काय भरतोस?" मस्कतचा एखादा तरुण मोठ्या रिमचा हट्ट धरून बसला की मुसब्बहच्या अंगात यायचं.

"वरातीत मिरवायची असेल तर घे बावीस इंची. नवरी त्यात तोंड बघून काजळ घालेल. वाळूत जायचं असेल तर माझं ऐक. चाकाचा बाहेरचा घेर मूळचा आहे तेवढाच ठेवायचा, नाहीतर ते मडगार्डला घासतं आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. घेर तेवढाच म्हटल्यावर रिम जितकी मोठी, तितकं रबर कमी. आणि वाळूत गाडी चालते ती रबरावर. हवा काढली की ते उंटाच्या पायासारखं पसरलं पाहिजे. या तुझ्या रिमवर पसरायला आहे काय? बोटभर पट्टी!"

सगळंच त्याचं बरोबर निघायचं असंही नाही. मासळीवाल्या सैफला त्याने छातीठोकपणे रुंद टायर दिले होते, ते पहिल्याच आठवड्यात वळणावर स्प्रिंगला घासून फाटले. त्यावरून गावाने त्याची अजून टर उडवणं सोडलेलं नाही. पण सैफही पुढचे टायर घ्यायला त्याच्याकडेच आला.

मुसब्बहचा जन्म वाळूतला. लग्न झालं तेही वाळूतच, आणि झुवैनाबरोबरचा पहिला संसार एका मोठ्या शमीच्या सावलीत, खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत झाला. मुलगा हमूद तिथेच रांगला. मग सरकारने घरं दिली, शाळा आली, आणि सगळे बाहेर वासिलला येऊन राहिले. हमूद शिकला, मस्कतजवळ सीबला नोकरीला लागला, तिथेच त्याचं लग्न झालं, मुलं झाली. त्याच्यासाठी म्हणून मुसब्बहने घरावर वरचा मजला चढवला. त्या मजल्यावर आजवर कुणी सलग आठवडाभर राहिलेलं नाही. झुवैना गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती होती तोवर घर तिच्या बडबडीने भरलेलं असायचं आणि मुसब्बह कटकट करायचा की या घरात माणसाला दोन क्षण शांतता नाही. आता शांतता भरपूर मिळाली, आणि ती त्याला खायला उठली.

म्हणून दर गुरुवारी दुपारनंतर तो दुकान बंद करायचा, पिकअपच्या चाकांतली हवा काढायचा आणि एकटाच आत त्या शमीपाशी जायचा. काटक्या पेटवून कहवा करायचा, प्यायचा, बसायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. आठवड्यातली तेवढीच एक गोष्ट होती जिची तो वाट पाहायचा.

ईदला हमूद आला तो एकटाच. बायकोमुलं सासुरवाडीला गेली होती. दुसऱ्या दिवशी "तुमच्या गाडीचं तेल बदलून आणतो" म्हणून पिकअप घेऊन गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा गाडीला चार नवी चाकं होती. काळी-चंदेरी, आरशासारखी, वीस इंची. जुनी सोळाची चाकं दुकानदाराला देऊन टाकली म्हणे.

"कशी आहेत, बाबा?"

मुसब्बहने चारही बाजूंनी फिरून पाहिलं. उभा जन्म ज्या चाकांची टिंगल केली ती त्याच्याच गाडीला लागलेली. दुसऱ्या कुणी आणली असती तर त्याने अख्खा बाजार डोक्यावर घेतला असता.

"छान आहेत. अल्ला तुला बरकत देवो," तो म्हणाला.

मुलगा वर्षातून दोनदा यायचा. त्यातल्या एका खेपेला त्याने आपणहून काहीतरी आणलं होतं. ते परत कसं करायचं?

त्यानंतरच्या गुरुवारी मुसब्बह आत गेला नाही. त्यापुढच्याही नाही. दुकानात सोळा इंची चाकांची चवड छताला टेकली होती. जॅक लावून चार चाकं बदलायची म्हणजे त्याला एक कहवा पिण्याइतका वेळ. पण हमूद कधी अवचित आला आणि त्याची चाकं दुकानाच्या कोपऱ्यात पडलेली दिसली तर? पोराला काय वाटेल? या विचाराने त्याचा हात पान्यापर्यंत जायचा आणि मागे यायचा. गुरुवारची दुपार तो दुकानाच्या दारात बसून काढायचा. आत जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचा आणि कुणी चाकाचं माप विचारलं तर तुटकपणे उत्तर द्यायचा.

शर्यतीचे उंट पाळणारा बखीत हा त्याचा जुना दोस्त, त्याला मुलाच्या नावाने 'अबू हमूद', हमूदचा बाप, अशीच हाक मारणारा. एके दिवशी तो हवा भरायला थांबला आणि पिकअपकडे बघून हसत सुटला.

"अबू हमूद, या वयात दुसरं लग्न करतोस की काय? गाडीला दागिने घातलेस ते!"

"मुलाने दिलीत."

बखीतचं हसू थांबलं. "हमूदने? अरे, तो पोरगा नमाज शिकायच्या आधी वाळूत गाडी चालवायला शिकला. तुझ्या मांडीवर बसून. त्याला वीस इंची काय करते ते ठाऊक नाही?"

"शहरात राहून विसरला असेल," मुसब्बह म्हणाला. पण 'विसरला' हा शब्द त्याच्या मनात रुतून बसला. पोहायला शिकलेला माणूस कधी पाणी विसरतो?

महिनाभराने हमूद पुन्हा आला. एवढ्या लवकर तो कधी येत नसे. आमच्याकडे रीत अशी आहे की आधी खजूर, मग कहवा आणि मग खबर. खबर विचारली की उत्तर एकच द्यायचं, घरात आग लागलेली असली तरी. बापलेकही त्याला अपवाद नाहीत.

"काय खबर?" मुसब्बहने विचारलं.

"काही खबर नाही. तुमच्याकडे?"

"काही खबर नाही. सगळं बरं."

"काही कानावर?"

"काही नाही."

एवढं झाल्यावर खरं बोलणं सुरू होतं. पण त्या दिवशी ते सुरूच होईना. हमूदने पेला हलवून परत दिला, म्हणजे आता पुरे. मुसब्बहने तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"चाकांचं माप कुणी ठरवलं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"दुकानदाराने गळ्यात मारली, की तू मागितलीस?"

हमूदने खाली बघितलं. "मी मागितली. तो अठरा म्हणत होता. मी म्हटलं, अठरावर माझा बाप कसाबसा जाईल. वीस दे."

मुसब्बहने पेला खाली ठेवला. म्हणजे पोरगं काहीच विसरलं नव्हतं. बापानेच शिकवलेलं त्याने बापावर चालवलं होतं, तेही अगदी बिनचूक.

"मला कोंडलंस," तो म्हणाला.

"हो, कोंडलं." हमूदचा आवाज चढला. "गेल्या उन्हाळ्यात तुमची गाडी उतारावर रुतली. पाणी संपलं. दुपारभर गाडीखाली सावलीला पडून होतात. बखीतचाचांचे उंट त्या बाजूला भरकटले म्हणून सापडलात. हे मला ईदला कळलं, तेही मशिदीबाहेर, तिसऱ्याच माणसाकडून. आणि तुम्ही सापडलात त्याच संध्याकाळी मी फोन केला होता, बाबा. तुम्ही मला काय म्हणालात?"

मुसब्बहने खजुराची ताटली उगीच पुढे सरकवली.

"काही खबर नाही, म्हणालात. सगळं बरं, म्हणालात."

"तसंच म्हणतात," मुसब्बह हळूच म्हणाला.

"मग मीही तसंच केलं. काही न बोलता."

शेजारच्या दुकानापुढे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, हवा भरून हवी होती. मुसब्बह उठला नाही. त्याला राग आला होता आणि त्या रागात कुठेतरी सुखही होतं. आपण मेलो असतो तर कुणाचं तरी काही अडलं असतं, हे त्याला कितीतरी दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

"खबर आहे," शेवटी तो म्हणाला. "तुझी चाकं लागल्यापासून मी आत गेलो नाही. मला करमत नाही. झोप लागत नाही."

हमूदने बापाकडे नीट पाहिलं. मग अंगातला पायघोळ कंदुरा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि दुकानाकडे निघाला. "जॅक कुठे ठेवता आता?"

दोघांनी मिळून सोळाची चाकं चढवली. हमूदने नट आवळले, मुसब्बहने सवयीने ते पुन्हा तपासले, आणि एक सैल निघाल्यावर "शहरी हात" असं पुटपुटला. हवा काढली. गाडी हमूदने चालवली. पहिल्या मोठ्या चढावर त्याने क्षणभर जास्तच जोर दिला, मागची चाकं फिरायला लागली, मग त्याला जमलं. मुसब्बह शेजारी बसून एक शब्द बोलला नाही. बोलावंसं फार वाटत होतं.

शमीपाशी पोचल्यावर मुसब्बहने काटक्या गोळा केल्या, कहवा केला. झोपडीची आता खूणही उरली नव्हती. हमूदने चारी दिशांना नजर टाकली. नुसत्या टेकड्या, वारा, दूरवर उंटांची जुनी लीद.

"इथे तर कुणीच नाही, बाबा," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणी जुनी माणसं भेटत असतील. इथे येऊन करता काय?"

"काही नाही."

"मग घरीच का नाही बसत?"

मुसब्बहने विस्तवावरची किटली जरा बाजूला सरकवली. "घरातही कुणी नाही. पण तिथे सात खोल्या आहेत. प्रत्येक दार उघडलं की कुणी नाही हे नव्याने कळतं. इथे कधीच कुणी नसतं. म्हणून इथे मला एकटं वाटत नाही."

हमूदने चेहऱ्यावरून उपरण्याचं टोक फिरवलं. वाळू गेली असेल डोळ्यांत. तो सीबला या म्हणाला नाही, कारण सीबच्या घरात जागा किती आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.

परत येताना मात्र त्याने शब्द घेतला. "आत जायच्या आधी मला फोन करायचा. बाहेर आलात की पुन्हा करायचा. पहिल्या टेकडीपलीकडे फोन लागत नाही, म्हणून वाळूच्या कडेलाच थांबून करायचा. मी उचलला तरच जायचं."

"आणि नाही उचललास तर?"

"तर जायचं नाही. पण मी उचलेन ना, बाबा."

मुसब्बहने शब्द दिला. चाकं सोळाचीच राहिली, वीसची हमूद आपल्या गाडीत टाकून घेऊन गेला.

आणि हमूद उचलायचा. सुरुवातीला तर फोन लावायचा अवकाश. "जा बाबा, पाणी घेतलंय ना?" एकदा त्याने धाकट्या नातीच्या हातात फोन दिला, तिने आजोबांना मांजराचा आवाज काढून दाखवला. मुसब्बह त्या दिवशी शमीखाली बसून तोच आवाज काढून बघत होता. गुरुवार आता दुप्पट चांगला झाला होता. पुढे हमूदचं बोलणं आखूड झालं, "हं, जा" एवढ्यावर आलं. तेही पुरेसं होतं.

मग एका गुरुवारी मुसब्बहने कडेला गाडी थांबवली, चारही चाकांतली हवा काढली आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्याने पुन्हा लावला. मीटिंग असेल, त्याला वाटलं. वाळूवर चादर पसरून त्याने दुपारनंतरचा, असरचा नमाज पढला, आणि पुन्हा लावला. उचलला नाही. समोरच्या टेकडीची सावली लांबत गाडीपर्यंत आली. चाकं अगदी योग्य मापाची होती, रबर वाळूवर छान पसरलं होतं, वारा पडलेला होता. जायला काहीच अडचण नव्हती. शब्द दिला नसता तर तो एव्हाना कहवा पीत बसला असता. दिलेला शब्द मोडावा असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण त्याच्यावर नजर ठेवणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्यालाही फसवलं तर मग उरलं काय?

ऊन कलल्यावर त्याने गाडीच्या मागून छोटा कॉम्प्रेसर काढला आणि पहिल्या चाकात हवा भरायला घेतली.

तेवढ्यात आतून बखीतची गाडी आली, मागे एक तरणी सांडणी बांधलेली. शेजारी थांबवून तोही आपली नळी सोडवायला लागला.

"आलास का आतून, अबू हमूद?"

"आलो," मुसब्बह म्हणाला.

"मला वाटेत नाही दिसलास."

"दुसऱ्या बाजूने आलो."

"कसं होतं आज आत?"

"शांत होतं," मुसब्बह म्हणाला, आणि पुढच्या चाकाला नळी लावली.